वीस अंश

पुड्यावर छापलं होतं: वीस अंश सेल्सिअस.
बाहेर दर्यापूर तालुक्यातला मे.
पत्र्यावरचा कावळासुद्धा पाय बदलत होता.
माठातलं पाणी एकतीस.
मोजलं डेअरीतून मागून आणलेल्या थर्मामीटरनं,
त्याला अजून सकाळच्या दुधाचा वास.

बाबाराव विघेंनी स्टुडिओ बंद केला
तेव्हा टाकी, चकरी, दोन तपकिरी बाटल्या
खताच्या पिशवीत घालून माझ्या हाती दिल्या
आणि एवढंच सांगितलं,
"घाम पुसत जाय. बाकी सारं होते."

न्हाणीच्या टिनाच्या दाराला सतरा भोकं.
आईच्या परातीतली कणीक घेऊन
सोळा बुजवली.
सतरावं काही केल्या हाताला लागेना,
त्यातून खांबावरचा दिवा
सुई ओवल्यासारखा आत येई.

साडेनवाला लाईन गेली.
गावानं महावितरणला शिव्या घातल्या.
मी एकटीच म्हणाले, बरं झालं.

वाकळ डोक्यावरून ओढली,
रिळाचं टोक बोटांनी हुडकलं.
दिवसभर डोळे मिटून सराव केला होता टाकाऊ रिळावर,
पण मिटलेले डोळे उघडता तरी येतात.
हे उघडेच होते, आणि काही नव्हतं.

चौथ्या वेढ्याला फिल्म अडली.
मागे घेतली, पुन्हा सरकवली, पुन्हा अडली.
घाम कोपरावरून उतरून मनगटाशी येऊन थांबला,
विचारावं तसा.
"झालं काय वो ताई?" दाराबाहेर वेदू.
"दार उघडलं तर पाय मोडीन."
"मी तं इथंच हावो," तो म्हणाला,
आणि त्याचं तिथं असणं मला बरं वाटलं.

टाकीचं झाकण लागलं, मग मोबाईलचा उजेड.
मुनीरभाईंच्या गोळ्याच्या गाडीवरून
वीस रुपयांचा बर्फ, भुशासकट.
घमेल्यात बर्फ, बर्फात बाटली,
अठ्ठावीस, पंचवीस, बावीस.
बावीसाखाली पारा गेलाच नाही.
आमची तडजोड बावीसवर झाली.
वेदूनं सेकंद मोजले, सत्तरच्या पुढे चुकला,
परत पन्नासवर आला; मी काही बोलले नाही.

मग हायपो.
वास ओसरीपर्यंत गेला.
"लोनचं नासलं काय कुठी?" आई अंधारातून.

धुण्यासाठी गोडं पाणी राखून ठेवलं होतं,
फिल्टरच्या पाण्याचा एक अख्खा कॅन.
दुपारी मावशी आल्या, त्यांच्याबरोबर चौघी,
आणि कॅन संपला.
शेवटचं पाणी बोअरचं घ्यावं लागलं,
ज्यात डाळ शिजत नाही
आणि साबणाला फेस येत नाही ते.

चकरी उघडली.
ओली, थंड, लांबच लांब.
टॉर्चपुढे धरली तर
वानखड्यांची म्हैस पांढरीफेक,
मारुतीच्या ओट्याचा चुना काळाकुट्ट,
आणि दिवाळीनंतर काढलेलं आमचं वावर:
फुटलेला कापूस कोळशासारखा,
बोंडाबोंडावर काजळी धरलेली,
आणि खालची काळी माती,
जिच्यात भर पावसात बैलही रुततो,
ती काचेसारखी आरपार.
तिच्यातून मला माझं नख दिसलं.

"मी कुठी हाव?" आई जवळ आली.
तिची चौकट शोधली. तेवीस.
नेमका तिथंच वेढ्याला वेढा चिकटला होता,
औषध पोचलंच नव्हतं.
चुलीपुढे ती बसली होती तिथं
दुधाच्या सायीसारखा एक डाग.
मी बोट ठेवलं. "ही तू."

तिनं चष्मा वर केला, खाली केला.
"गोरी दिसून रायली," म्हणाली.

सकाळी न्हाणीतल्या दोरीवर, कपड्याच्या चिमट्यांत,
फिल्म वाळून कडक झाली होती
आणि तिच्यावर जागोजागी पांढरे टिपके,
आभाळात, म्हशीच्या पाठीवर, माझ्या नखाएवढ्या वावरात.
एक जिभेला लावून पाहिला.
खारट.

दाराची कणीक रात्रीतून वाळून भेगाळली होती,
मुंग्यांनी अर्धी नेली होती.
सतरावं भोक सापडलं: कडीच्या मागे.